बद्द वाजणारं पितळ

रंगनाथ : हे पितळ बद्द वाजतंय.

सुदर्शन : बद्द?

रंगनाथ : तडा गेलेल्या माठासारखं. पूर्वा, ह्या ड्रमवर परत मार एक. बघा. आवाज आहे, पण त्याला धार नाही. आतल्या आत गुदमरतोय.

सुदर्शन : साहेब, आत्ता हिनं टोला हाणला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी खिडकी आपटून लावली. गुदमरलेला आवाज त्यांच्यापर्यंत कसा पोचला?

रंगनाथ : ते त्यांना विचारा. मी माझ्या कानाचं सांगतो.

पूर्वा : बाबा, खरंच बद्द वाटलं तुला? माझ्या दातांत झिणझिण्या आल्या.

रंगनाथ : कानात बोळे घालून बसलीस. तुला काय कळणार?

पूर्वा : बोळे नाहीत रे, इअरप्लग आहेत. आणि ते घालूनसुद्धा टोचतंय, हेच तर म्हणतेय मी.

रंगनाथ : आमच्या ढोल-ताशा पथकात कुणी कानात बोळे घालून आला तर त्याच्या हातात झेंडा देतो आम्ही. वाद्य नाही देत.

सुदर्शन : म्हणजे हे तुझे ते वडील.

पूर्वा : हो काका, हेच ते. बाबा, हे सुदर्शनकाका. दुकान ह्यांचं, माझ्या ड्रमच्या सगळ्या काड्या इथल्याच.

सुदर्शन : हिनं तुमच्याबद्दल इतकं सांगितलंय की मला वाटलं होतं, तुम्ही उंच असाल.

रंगनाथ : बसून बसून कमी झालो. बिबवेवाडीला रिक्षाच्या सीटा शिवतो मी. दिवसभर मशिनवर वाकलेला असतो.

पूर्वा : काका, आमच्या पथकात पद्धतच आहे. नवा ताशा आला की आधी बाबांसमोर ठेवायचा. ते टिचकी मारणार, कान लावणार, मान हलवली तर तो कुणाच्या तरी गळ्यात जाणार. नाही हलवली तर परत तांबट आळीत. ह्या रविवारी यंदाचे ताशे यायचेत.

सुदर्शन : आणि आज माझी परीक्षा.

पूर्वा : तुमची नाही हो, माझी. शनिवारी आमचा कार्यक्रम आहे, इथंच, दोन गल्ल्या सोडून एक तळघरातला हॉल आहे ना, तिथं. श्रद्धा गाते, मी ड्रम्स. मागच्या वेळी उसना स्नेअर होता. कार्यक्रम झाल्यावर श्रद्धा म्हणाली, पूर्वा, तुझ्या ड्रमनं माझे शब्द खाल्ले. एवढंच म्हणाली आणि डबा उघडून जेवायला बसली. मला घास जाईना. आता स्वतःचा स्नेअर घ्यायचाय. लाकडाचा की पितळेचा, इथं अडलंय.

सुदर्शन : म्हणून वडिलांना आणलंस.

पूर्वा : म्हणून बाबांना आणलं. माझ्या कानावर माझा भरवसा नाही.

रंगनाथ : स्नेअर म्हणजे काय, ताशाचाच इंग्रजी शाळेत गेलेला भाऊ. त्याच्या पोटाखाली तारा बांधल्यात, एवढाच फरक.

सुदर्शन : एवढाच. पण त्या तारांसाठीच लोक तो घेतात. टोला वरच्या पानावर, म्हणजे ह्या ताणलेल्या पडद्यावर पडतो आणि खालच्या तारा सळसळतात. लाकडी अंग असलं तर आवाज जरा ऊबदार येतो, पटकन विरतो. पितळ असलं तर चकचकीत येतो आणि लांब पोचतो. बाकी माप एक, पानं एक, तारा एक. दोन्ही तुमच्यासमोर ठेवलेत.

रंगनाथ : तेच म्हणतो मी. पितळ चकचकीत यायला पाहिजे. हे येत नाही. ह्याच्यात खोट आहे.

सुदर्शन : साहेब, ह्या दुकानात खोट असलेली एकच वस्तू आहे, ती म्हणजे काउंटरखालचा यूपीएस.

पूर्वा : हां, आधी ते पिकपिक बंद करा ना काका. मघापासून डोक्यात जातंय.

सुदर्शन : सकाळपासून लाइट नाहीत. बॅटरी म्हातारी झालीये, कण्हत बसते. बंद केला तर संगणकपण जाईल आणि मग बिल हातानं लिहायला लागेल.

रंगनाथ : कसलं पिकपिक?

पूर्वा : अरे ते, काउंटरखालचं.

रंगनाथ : माझं लक्ष ड्रमवर आहे. तुझं लक्ष साऱ्या गावभर. म्हणून तर तुला ताशावरनं काढून ढोलावर टाकली होती.

सुदर्शन : मी खाली जाऊन लाइटचं विचारून येतो. तोवर वाजवा हवं तेवढं. फक्त पान ताणायच्या ह्या चावीला हात लावू नका. दोन्ही मी सकाळी बसून सारखे लावलेत.

पूर्वा : नाही लावत काका.

रंगनाथ : गेला?

पूर्वा : गेले. बाबा, चावी खाली ठेव.

रंगनाथ : अगं, जरा चढवून बघू. रेक्झिन ताणल्याशिवाय सीट बसत नाही आणि पान ताणल्याशिवाय ताशा बोलत नाही.

पूर्वा : हा ताशा नाहीये.

रंगनाथ : पान आहे ना? मग ताण लागतोच. एक आटा सगळीकडनं. हां. मार.

पूर्वा : आई गं.

रंगनाथ : अजून नाही आला. अजून एक.

पूर्वा : बाबा, पान जाईल. मागच्या वर्षीपण तू असंच केलंस. सगळे म्हणत होते बास, आणि तू म्हणत होतास चढवा अजून. ऐन मिरवणुकीत, लक्ष्मी रोडवर दोन ताशांची पानं फाटली.

रंगनाथ : पानं हलकी होती. हल्ली कशातच दम राहिला नाही. तांबं पातळ, पानं हलकी. मोहरीसुद्धा तडतडत नाही फोडणीत, सगळीकडे भेसळ. तुझ्या आईला दोनदा वाणी बदलायला लावला मी.

पूर्वा : मोहरीचं काय मध्येच.

रंगनाथ : माल बघून घ्यावा, एवढंच सांगतोय. मार आता.

पूर्वा : नाही मारत. मला एक सांग. तुला नक्की काय ऐकू यायला पाहिजे ह्याच्यातून? जे येत नाहीये ते काय आहे?

रंगनाथ : कड.

पूर्वा : म्हणजे?

रंगनाथ : टोल्याची कड असते ना. दगडावर छिन्नी मारल्यावर पहिली ठिणगी उडते, तशी. ढोल सगळे मिळून वाजत असले तरी त्यांच्या डोक्यावरून ताशाची कड ऐकू येते. ती आली की शंभर पोरं एका पायावर येतात. ह्या पितळेत ती नाहीच.

पूर्वा : आहे बाबा. मला दुसरं काहीच ऐकू येत नाहीये, नुसती तीच येतेय.

रंगनाथ : पुटपुटू नकोस, नीट बोल.

पूर्वा : पुटपुटले नाही मी. म्हटलं, तुला जे येत नाहीये तेच मला जास्त येतंय.

रंगनाथ : तुझा कान कच्चा आहे. तेव्हाही होता. सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, बाबा हा ताशा चिरका वाजतोय. चांगला खणखणीत ताशा होता तो.

पूर्वा : आठवतंय. नववीत होते. त्यानंतर मी कुठल्याही वाद्याला आपणहून बरं-वाईट म्हटलेलं नाही. आजपण तुला घेऊन आलेय ते त्याचमुळे. तुला माहिती होतं का हे?

रंगनाथ : ...एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं त्यात.

पूर्वा : काही नव्हतं. आले बघ काका.

सुदर्शन : चौकात खोदकाम चालू आहे. लाइट कधी येणार ते खोदणाऱ्याला माहीत नाही आणि वायरमन म्हणतो खोदणाऱ्याला विचारा. कुणी चावी लावली ह्याला?

पूर्वा : काका, सॉरी.

सुदर्शन : मी जाताना काय बोललो होतो?

रंगनाथ : मी लावली. आवाज काढत होतो.

सुदर्शन : साहेब, हे पान आता इतकं ताणलंय की ह्याच्यावर पापड वाळत घाला. मी तुमच्या रिक्षाच्या सीटवर टाचणी टोचून बघितली तर चालेल का तुम्हाला?

रंगनाथ : चुकलं.

सुदर्शन : अं?

रंगनाथ : चुकलं म्हटलं. पण माल बद्द आहे.

पूर्वा : काका, थांबा, चिडू नका. मला हे नीट बघायचंय. ऑफिसात माझं कामच हे आहे. सॉफ्टवेअर कुठं अडतंय ते शोधायचं असलं की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवतो. तुम्ही हे पान परत सकाळसारखं लावून द्याल?

सुदर्शन : देतो. नाहीतरी द्यायलाच लागणार. ह्यात पाचेक मिनिटं जातील, तोवर चहा सांगा कुणीतरी.

रंगनाथ : मी सांगतो. खिडकीतनं हाक मारली तर चालेल ना?

सुदर्शन : शिकवणीवाल्या बाई असतील तिथं. त्यांनाही विचारा घेणार का. सकाळपासून सोसतायत.

पूर्वा : झालं काका? दोन्ही सारखे?

सुदर्शन : जुळे भाऊ. एक लाकडाचा, एक पितळेचा.

पूर्वा : बाबा, तू तिकडं जिन्याकडे तोंड करून उभा राहा. इकडं बघायचं नाही. मी दोन्हीवर तोच बोल वाजवणार, तेवढ्याच जोरात. तू फक्त सांगायचं, कुठला लाकडाचा नि कुठला पितळेचा.

रंगनाथ : आता माझी परीक्षा.

पूर्वा : परीक्षा नाही रे. मला कुतूहल आहे. तुझ्या कानात काय पोचतं ते मला बघायचंय.

रंगनाथ : वाजव. आंधळ्यानंसुद्धा ओळखावं एवढं सोपं आहे.

पूर्वा : हा पहिला. ...आणि हा दुसरा.

रंगनाथ : दुसरा पितळ.

पूर्वा : नक्की?

रंगनाथ : भरदार आहे. टोला पडला की छातीत येतो. पहिला लाकूड, तो कोरडा आहे.

सुदर्शन : साहेब...

पूर्वा : काका, काही बोलू नका. परत घेऊ. क्रम मी माझ्या मनानं बदलेन. हा पहिला. ...हा दुसरा.

रंगनाथ : आता पहिला पितळ. मघाचा दुसरा तो हाच.

पूर्वा : अजून एकदा.

रंगनाथ : किती वेळा? हा पण तोच. पहिला पितळ. झालं समाधान? वळू का?

पूर्वा : वळ. बाबा, तू तिन्ही वेळा उलटं सांगितलंस.

रंगनाथ : शक्य नाही.

सुदर्शन : मी साक्षीला आहे. ज्याला तुम्ही भरदार पितळ म्हणालात तो हा, मेपलच्या लाकडाचा.

पूर्वा : आणि मला गंमत त्याची वाटतेय की तू एकदाही बरोबर आला नाहीस. जो अंदाजानं सांगतो तो अधूनमधून बरोबर येतोच. तू दर वेळी ओळखलंस, दोन्ही वेगळे आहेत हे तुला बरोबर कळलं, फक्त नावं उलटी दिलीस. म्हणजे तुझा कान काम करतोय. पण तो काहीतरी वेगळंच ऐकतोय.

रंगनाथ : मला सांग, ह्या पितळेच्या खालच्या तारा सुटल्यात का?

सुदर्शन : तारा लावलेल्या आहेत.

रंगनाथ : लावल्यात तर वाजत का नाहीत? मी मघापासून बघतोय. लाकडाच्यापण वाजत नाहीत. मला वाटलं, दुकानात ठेवताना सोडून ठेवत असाल.

पूर्वा : वाजतायत बाबा.

रंगनाथ : कुठं?

पूर्वा : काका, तारा सोडायचा खटका कुठला? हा बाजूचा?

सुदर्शन : हो. खाली केला की तारा पानापासून सुटतात, वर केला की लागतात. पूर्वा, जरा हळू घे.

पूर्वा : बाबा, परत एकदा वळ. मी वाजवत राहते. मध्येच काहीतरी बदलेन. बदल कळला की हात वर कर.

(पूर्वा संथ वाजवत राहते. खटका खाली करते, वर करते, पुन्हा खाली करते. जिन्याकडे तोंड करून उभा असलेला रंगनाथ हात वर करत नाही.)

रंगनाथ : कधी बदलणार आहेस? पूर्वा? अगं, बदल ना.

सुदर्शन : साहेब, या, बसा इथं. हे स्टूल घ्या. चहा निवतोय.

रंगनाथ : बदललं होतं का?

पूर्वा : तीनदा.

रंगनाथ : खटका बिघडला असेल.

सुदर्शन : तसं असतं तर मीच पहिला म्हणालो असतो. मला आज म्हणायला बरं वाटलं असतं.

रंगनाथ : मला सगळं ऐकू येतं. तुम्ही बोलताय ते येतंय. गाडीचा हॉर्न येतो. ढोल तर पोटात येतो.

पूर्वा : हो. खालच्या सुरातलं सगळं येतंय तुला. बाबा, ते पिकपिक येतंय का आत्ता?

रंगनाथ : कुठलं?

पूर्वा : काउंटरखालचं. मघापासून चालू आहे. आपण आलो तेव्हापासून.

रंगनाथ : आत्ता वाजतंय?

पूर्वा : हो.

रंगनाथ : आणि आत्ता?

पूर्वा : आत्ता नाही. ...आत्ता परत वाजलं.

रंगनाथ : सुदर्शनराव, ही चेष्टा करत नाही ना?

सुदर्शन : नाही हो. ते माझ्यापण डोक्यात जातंय. मी नुसता सवयीनं गप्प आहे.

रंगनाथ : वाकून बघू का जरा?

सुदर्शन : बघा की. तो खोका, लाल दिवा लुकलुकतोय तो. दिवा लागला की आवाज येतो.

रंगनाथ : दिवा लागतोय. ...लागतोय. ...कान अगदी टेकवला तर काहीतरी असल्यासारखं वाटतं. ते दिवा दिसतोय म्हणूनही वाटत असेल.

पूर्वा : बाबा, ऊठ. धूळ लागेल.

रंगनाथ : थांब. हात लावला तर हलतोय का खोका? नाही. मग कसला असतो गं हा आवाज? बारीक?

पूर्वा : खूप बारीक. वरचा.

रंगनाथ : आणि त्या तारांचा? स्नेअरच्या? मी समजत होतो मला माहिती आहे. पण मी टीव्हीवर बघितलंय फक्त, कधी असा जवळ बसून ऐकलेला नाही. तू सांग, कसा असतो?

पूर्वा : कसा सांगू? टोला पडतो, आणि लगेच त्याच्यावर अशी... तापलेल्या तेलात मोहरी टाकल्यावर तडतड होते ना, तशी. अगदी क्षणभर. पितळेच्या ड्रमवर ती जास्त तडतडते, लाकडाच्यावर जरा कमी.

रंगनाथ : मोहरीसारखी.

पूर्वा : हो.

रंगनाथ : तुला येते ऐकू? आपल्या घरात? फोडणीत?

पूर्वा : ...हो. बाहेरच्या खोलीपर्यंत येते.

रंगनाथ : मी शेजारी उभा असतो.

सुदर्शन : चहा घ्या साहेब.

रंगनाथ : घेतो. मला भीती वाटली आत्ता. खरं सांगतो.

पूर्वा : मलापण वाटली. उद्या सकाळी आपण कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. मी सुट्टी टाकते. आजकाल बारीक मशिन मिळतात, कळतपण नाही घातलेलं.

रंगनाथ : जाऊ. ते उद्याचं उद्या. रविवारी ताशे यायचेत, त्याचं काय करू ते सांग आधी. माझ्या मानेकडं बघून सगळे थांबतात, पूर्वा. मागच्या वर्षी चार ताशे परत पाठवले मी, बद्द म्हणून. त्या कारागिराचं तोंड अजून दिसतंय मला. काही बोलला नाही तो, नुसतं फडक्यानं पुसून परत पिशवीत ठेवले.

सुदर्शन : मघाशी माझंही तोंड तसंच झालं होतं का?

रंगनाथ : तुमचं जरा जास्त वाकडं होतं.

सुदर्शन : दुकानदार आहे. कारागिराएवढी सहनशक्ती नाही.

पूर्वा : बाबा, तू नववीतल्या त्या ताशाचं म्हणालास ना. चिरका म्हटलं होतं मी.

रंगनाथ : तेच डोक्यात चाललंय माझ्या. तेव्हा कुणाचा कान बरोबर होता, ते आता कळायचं नाही. तो ताशाही राहिला नाही. तेव्हाचं मला सांगता येणार नाही, पूर्वा. आजचं सांगतो. आज तुझा कान पक्का आहे. अगं, रडायचं नाही. दुकान आहे.

सुदर्शन : चालतं इथं. भाव ऐकून बरेच जण रडतात.

रंगनाथ : आता मला दाखव. कुठला घेतेस?

पूर्वा : तू सांग ना.

रंगनाथ : मी कसा सांगू? मला अर्धाच ड्रम ऐकू येतोय. तू सांग, आणि का ते पण सांग.

पूर्वा : लाकडाचा.

रंगनाथ : का?

पूर्वा : श्रद्धाचा आवाज बारीक आहे. तिच्या गाण्यात शब्दांच्या कडा फार असतात, श्वास सोडत म्हणते ती. पितळेची ती तडतड नेमकी तिथंच जाऊन बसते, तिच्या शब्दांवर. आपल्या पथकासारखं खुल्या मैदानात वाजवायचं असतं तर मी पितळच घेतलं असतं. पण तळघर आहे, छत हाताला लागतं. तिथं लाकूड टोला देतं आणि बाजूला होतं. तिला जागा देतं.

सुदर्शन : मला विचारलं असतंस तर मीही हेच म्हणालो असतो. पण मला कुणी विचारलं नाही, हे बरं झालं.

रंगनाथ : वाजव बरं एकदा. मी हात ठेवतो अंगावर. लाकडाच्या.

पूर्वा : काठाला धरू नकोस, आवाज दबेल. खाली, तळवा नुसता टेकव. हं.

रंगनाथ : हलतंय. आतून हलतंय. आता पितळेवर ठेवतो. वाजव. ...हे हातातसुद्धा वेगळं येतं. हे मुंग्यांसारखं येतं, ते थापेसारखं येत होतं.

पूर्वा : खरंच? मी कधी बघितलंच नाही हात लावून. थांब, तू वाजव, मी लावते. ...अय्या, हो. काका, तुम्ही लावून बघा.

सुदर्शन : इतकी वर्षं विकतोय मी. हात फक्त पुसायला लावला. ...हं. मुंग्याच आहेत.

पूर्वा : आणि बाबा, एक लक्षात आलं का? तिन्ही वेळा तू ज्याला भरदार म्हणालास तो हाच होता, लाकडाचा. तुलापण हाच आवडला. नाव चुकलं तुझं, आवड नाही चुकली.

रंगनाथ : मन राखतेस का?

पूर्वा : नाही. टेस्टिंग करते मी. मन राखायचे पैसे देत नाहीत तिथं.

रंगनाथ : मग बांधा सुदर्शनराव, लाकडाचा. आणि त्या पितळेच्या ड्रमला मी खोट आहे म्हणालो, ते मागं घेतो.

सुदर्शन : त्याला सांगतो मी.

रंगनाथ : रविवारी तू येशील? पथकात?

पूर्वा : येईन. पण मी कोण म्हणून? झेंडा धरायला?

रंगनाथ : माझ्या शेजारी उभी राहा. ताशा समोर आला की मी हात ठेवीन, तू कान लाव. आणि मान तू हलवायची. मी सगळ्यांना आधी सांगेन, का ते पण सांगेन. लपवून करण्यात अर्थ नाही, परत पानं फाटायची.

पूर्वा : ताशेवाल्यांतला अवधूतदादा ऐकेल? तो म्हणेल, ढोलवाली ताशे निवडणार.

रंगनाथ : त्याला मी जिन्याकडे तोंड करून उभा करीन. तोही माझ्या शेजारीच वाजवतो इतकी वर्षं. बघू तो कितीदा हात वर करतो.

पूर्वा : बाबा, हे तू गमतीत म्हणतोयस ना?

रंगनाथ : नाही. सगळ्या ताशेवाल्यांना उभं करणार आहे. पोरं आहेत गं. कुणी पंधरा, कुणी सोळा. सुदर्शनराव, हिच्या कानातले ते बोळे, ते तुमच्याकडचेच का?

सुदर्शन : माझ्याकडचेच. आवाज बंद नाही होत त्यानं, फक्त कमी होतो. बोलणंसुद्धा कळतं.

रंगनाथ : पोरं घालतील?

सुदर्शन : तुम्ही घातलेत तर घालतील. तुम्ही झेंड्याची भीती घातलीत तर नाही घालणार.

रंगनाथ : एक जोड मला द्या आत्ता. बाकीचे रविवारनंतर सांगतो, मोजून. उरलाय तेवढा तरी जपला पाहिजे.

पूर्वा : थांब, मी दाखवते. असा पिळायचा, कान वर ओढायचा आणि आत सोडायचा. दुखतंय का?

रंगनाथ : नाही. विचित्र वाटतंय. आपलाच श्वास ऐकू येतो.

सुदर्शन : लाइट आले बघा. चला, यूपीएस गप्प झाला.

रंगनाथ : झाला का?

पूर्वा : हो बाबा. झाला.

रंगनाथ : बरं. चल, ड्रम तू घे, मी गाडी काढतो. आणि घरी गेल्यावर आईला तू काही सांगायचं नाहीस. मीच सांगणार आहे, स्वयंपाकघरात, तिच्यासमोर उभा राहून.

पूर्वा : काय सांगणार?

रंगनाथ : की शालन, उद्यापासून परत आपल्या जुन्या वाण्याकडे जात जा. मोहरी चांगली होती त्याची.